छोट्या शिडाच्या बोटीचा विमा: तीन कोटेशनं आलीत, कुठलं घेऊ?

शीडवाला
नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत मेरीलँडात, चेसापीक उपसागराच्या काठी राहतो. इतकी वर्षं क्लबच्या बोटींवर हात बसवला, यंदा स्वतःची घेतोय. कॅटालिना २७, १९८४ची, फायबरग्लासची, आत छोटं डिझेल इंजिन. सौदा साडेआठ हजार डॉलरला ठरतोय.

मरिना (बोटी ठेवायचा धक्का) जागा द्यायला तयार आहे, पण किमान ३ लाख डॉलरचं लायबिलिटी कव्हर (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई) हवं आणि सर्टिफिकेटवर मरिनाचंही नाव हवं, अशी अट आहे. तीन ठिकाणांहून कोटेशनं घेतली:

१) वर्षाला १९० डॉलर. नुसती लायबिलिटी, ३ लाख. बोट बुडाली तर बोटीचे शून्य.
२) ३६० डॉलर. लायबिलिटी ३ लाख, शिवाय बोट 'अ‍ॅक्चुअल कॅश व्हॅल्यू'ने. डिडक्टिबल (क्लेममधला आपला वाटा) ५००.
३) ५४० डॉलर. लायबिलिटी ५ लाख, बोट 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू'ने साडेआठ हजार. डिडक्टिबल २५०. मात्र बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हे करून द्या म्हणतात.

सर्व्हेअर फुटामागे २२ डॉलर सांगतोय, बोट क्रेनने उचलण्याचे वेगळे. म्हणजे वर्षाच्या हप्त्यापेक्षा तपासणी महाग! एवढ्याशा बोटीसाठी हा खटाटोप करावा का? जाणकारांनी सांगावं. भारतातल्या, युरोपातल्या बोटवाल्यांचेही अनुभव येऊ द्या.

निवांत_नाना
पाण्यात उतरायचे पैसे, तिथे उभं राहायचे पैसे, बुडू नये म्हणून पैसे आणि बुडलोच तर वर काढायचे पैसे. चालू द्या. वाचतोय.

कोरडा_हिशोब
सरळ गणित आहे. तिसऱ्या आणि पहिल्यात फरक ३५० डॉलरचा. साडेआठ हजार भागिले ३५० म्हणजे चोवीस वर्षं. चोवीस वर्षांत एकदा पूर्ण बोट गेली तरच तिसरं परवडतं, आणि तोवर बोट साठी ओलांडून गेलेली असेल. १९० वालं घ्या, उरलेले दरवर्षी वेगळ्या खात्यात टाका.

लायबिलिटी मात्र सोडू नका. दुसऱ्याची दोन लाखांची यॉट ठोकलीत तर घर विकावं लागेल. स्वतःची बोट गेली तर वाईट वाटेल, दिवाळं निघणार नाही. जे नुकसान आपल्याला झेपतं त्याचा विमा काढू नये, एवढं साधं आहे.

मीनल_मिशिगन
नाना, तुमच्या यादीत 'हिवाळ्यात जमिनीवर ठेवायचे पैसे' राहिले :)

कोरडा_हिशोब, तुमचं गणित बोट पूर्ण जाण्यावर उभं आहे. बोटी सहसा अशा एकदम जात नाहीत, तुकड्यातुकड्याने जातात. आमची शिकागोला बंदरात मुरिंगवर (पाण्यात नांगरलेल्या बोयाला बांधून) असते. एका रात्री वादळात शेजारची बोट दोर तोडून आमच्यावर येऊन बसली. पुढचं रेलिंग वाकलं, एका बाजूला डेकचा सांधा उसवला. त्या मालकाचा विमाच नव्हता. आम्हाला वाटलं, आपल्या पॉलिसीत 'अनइन्शुअर्ड बोटर' म्हणून कलम आहे, ते कामाला येईल. नीट वाचलं तर ते माणसांना झालेल्या इजेपुरतं होतं, बोटीच्या नुकसानीला लागूच नव्हतं. बहुतेक पॉलिसींत तसंच असतं म्हणे. शेवटी आमच्याच हल कव्हरमधून, म्हणजे बोटीच्या स्वतःच्या विम्यातून, पैसे मिळाले. १९० वालं असतं तर दुसऱ्याच्या चुकीचा खर्च आम्हीच केला असता.

नंबर दोनबद्दल: अ‍ॅक्चुअल कॅश व्हॅल्यू म्हणजे घसारा वजा जाता. १९८४ची डोलकाठी मोडली तर नवी बसवायला तारांसकट कित्येक हजार लागतील, आणि कंपनी चाळीस वर्षांचा घसारा कापून जे हातावर ठेवेल त्यात एखादं शीडही येणार नाही.

आमच्याकडे ले-अपची सूट मिळते. नोव्हेंबर ते एप्रिल बोट बाहेर ठेवायची कबूल केली की हप्ता उतरतो. पण त्या तारखांत बोट पाण्यात सापडली तर कव्हर नाही. आणि इंजिनात पाणी गोठून ब्लॉक तडकला तर तेही बऱ्याच पॉलिसींत बाहेर. काही कंपन्या व्यावसायिकाकडून विंटरायझिंग (इंजिन थंडीसाठी तयार करणं) केल्याची पावती असेल तर देतात.

शीडवाला
मीनलताई, हे अनइन्शुअर्ड बोटरचं माहीतच नव्हतं. माझ्या तिन्ही कोटेशनांत ते कलम आहे आणि मी ते जमेच्या बाजूला धरलं होतं.

मग अ‍ॅग्रीड व्हॅल्यूत तुकड्यांचेही पूर्ण पैसे मिळतात का?

देवगडचो_दादा
शीडवाल्या, आमच्या गावाक होडयेचो विमो एकच. नारळी पुनवेक दर्याक नारळ. हप्तो वर्साक एक, डिडक्टिबल नाय, सर्व्हेअरय नाय. क्लेम खंय करूचो ता मात्र आजून कोणाक कळाक नाय.

बंदरावरचा
दादा, आमच्या पोटावर पाय आणू नका :) मी मुंबईत हल सर्व्हेअर आहे. विमा कंपनीच्या वतीने येऊन लोकांच्या बोटींवर हातोडीने टकटक करणारा तो मीच. अमेरिकेतल्या पॉलिसी रोज पाहत नाही, पण सागरी विम्याची हाडं सगळीकडे सारखीच.

आधी शीडवाल्यांच्या प्रश्नाचं उत्तर. अ‍ॅग्रीड व्हॅल्यू खरी लागू होते ती बोट पूर्ण गेल्यावर. तेव्हा बाजारभाव काय, यावर वाद नाही, ठरलेली रक्कम मिळते. अर्धवट नुकसानीत मात्र शिडं, कॅनव्हास, बॅटऱ्या, आउटबोर्ड (मागे लटकवायचं इंजिन) अशा झिजणाऱ्या वस्तूंना बहुतेक ठिकाणी घसारा लागतोच. कुठल्या वस्तूंना आणि किती, त्याची यादी पॉलिसीत असते. ती मागून घ्या. डोलकाठीच्या तारा त्या यादीत आहेत का, ते खास पाहा.

आता कोरडा_हिशोब यांच्या गणिताबद्दल. त्यांनी बोटीची किंमत हेच सर्वांत मोठं नुकसान धरलंय. जुन्या बोटीत तसं नसतं. समजा बोट मुरिंगवर बुडून वीस फूट पाण्यात बसली. आता ती तिथे सोडता येत नाही. अमेरिकेत तर १८९९ पासूनचा कायदा आहे: जलमार्गात बुडालेली बोट मालकाने लगेच बोया लावून, रात्री दिवा लावून खूण करायची आणि काढायची. पाणबुडे आले, हवेच्या पिशव्या आल्या, बार्ज आला, टाकीतलं डिझेल उपसणं आलं, शेवटी कचऱ्यात टाकायचे पैसेही आले. हा खर्च बोटीच्या किमतीच्या वर सहज जातो. म्हणून माझ्या मते जुन्या स्वस्त बोटीच्या पॉलिसीत पहिली ओळ वाचायची ती रेक रिमूव्हलची, म्हणजे बुडालेल्या बोटीचे अवशेष काढण्याची. काही पॉलिसींत ते लायबिलिटीच्या रकमेतून मिळतं, काहींत बोटीच्या विमा-रकमेच्या आतच बसवलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात बोटीचे पैसे घेतलेत की अवशेष काढायला काहीच उरत नाही. तेलगळतीचं कलमही बघा. १९९०च्या ऑइल पोल्यूशन कायद्यानंतर तिकडे डिझेलचा तवंग ही चेष्टेची गोष्ट राहिलेली नाही.

दुसरी ओळ 'कॉन्सिक्वेन्शियल डॅमेज'ची. झीज, गंज, कुजणं, इलेक्ट्रोलिसिस हे कुठलीच कंपनी भरून देत नाही. पण जुनी बोट बुडते ती नेमकी त्यामुळेच! पाण्याखालची एखादी पितळी फिटिंग खंगते, रबरी होज फाटतो आणि रात्रीत बोट तळाला. चांगल्या पॉलिसीत दोनशे रुपयांचा होज तुमच्या खिशातून, पण बुडण्याचं नुकसान कंपनीचं. स्वस्त पॉलिसीत 'मूळ कारण झीज, सबब क्लेम नामंजूर'. ३६० आणि ५४० मधला फरक मला तरी इथेच दिसतो.

आणि सर्व्हेला महाग म्हणू नका. तुम्ही अजून बोट घेतलेली नाही ना? मग तो विम्याचा खर्च नाहीच, खरेदीचा आहे. कॅटालिना २७ साडेसहा हजारांहून जास्त बनल्या, त्यांची दुखणी सगळ्यांना पाठ आहेत. कीलच्या (बोटीखालच्या जड कण्याच्या) सांध्यापाशी पुढच्या बाजूला भेग पडते, तिला तिकडे 'कॅटालिना स्माइल' म्हणतात. ती वरवरची आहे की आतलं लाकूड आणि बोल्ट गेलेत, हे बोट वर उचलल्याशिवाय कळत नाही. डेकच्या आतलं प्लायवुडही चेनप्लेटच्या (डोलकाठीच्या तारा अडकवायच्या पट्टीच्या) भोवती भिजतं. तिथे हातोडीचा आवाज बद्द येतो.

निवांत_नाना
चाळिशीत हातोडी मारली तर माझाही आवाज बद्दच येईल. अ‍ॅग्रीड व्हॅल्यू काय लावाल?

बंदरावरचा
नाना, झीज कव्हर होत नाही.

नेपल्सकर
फ्लोरिडाच्या नेपल्समधून. (इटलीतलं नव्हे, तिथे पिझ्झा बरा असेल.) शीडवाले, ५४० ऐकून डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे बोटीच्या किमतीच्या एक-दोन टक्क्यांत विमा मिळायचे दिवस गेले. २०२२च्या इयान वादळानंतर तर अनेक कंपन्या जुन्या बोटी घेईनाशाच झाल्या.

'नेम्ड स्टॉर्म डिडक्टिबल' पाहिलंत का? नेहमीचा २५० असेल, पण नाव दिलेल्या वादळात नुकसान झालं तर बोटीच्या रकमेच्या पाच-दहा टक्के तुम्ही सोसायचे, असं वेगळं कलम असतं. तुमच्या बोटीला दहा टक्के म्हणजे ८५०. चेसापीकला काय वादळ, असं म्हणू नका. २००३ साली इसाबेल वादळाने तुमच्याकडे अ‍ॅनापोलिसच्या रस्त्यांवर पाणी आणलं होतं. सँडी वादळाच्या वेळी, २०१२ साली, बोटयूएस या बोटमालकांच्या संस्थेचा अंदाज पासष्ट हजार बोटींचं नुकसान असा होता, आणि त्यातला मोठा भाग न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडचा.

इथे कंपन्या हरिकेन प्लॅन लिहून मागतात. वादळ आलं तर बोट कुठे नेणार, कोण उचलणार, दोर किती, शिडं उतरवणार का. माझ्या ओळखीतल्या एकांनी प्लॅनमध्ये 'यार्डात उचलून ठेवू' असं लिहिलं, प्रत्यक्षात यार्डात जागा मिळाली नाही म्हणून मरिनातच जास्तीचे दोर बांधले. कंपनीने तोच कागद पुढे केला. प्लॅनमध्ये लिहायचं ते जमणारंच लिहा.

कोरडा_हिशोब
बंदरावरचा, रेक रिमूव्हलचा मुद्दा मान्य. पण तो लायबिलिटीचा भाग आहे, म्हणजे १९० वाल्यातही मिळू शकतो. मग हल कव्हर कशाला? माझा मुद्दा तिथेच आहे.

बंदरावरचा
मिळू शकतो, लिहून घ्या. पण एक गोष्ट राहते: सॅल्व्हेज. बोट खडकावर चढली आहे, अजून बुडालेली नाही, ओहोटी लागलीये. मदतीला आलेल्या बोटीने तिला वाचवलं तर तिला मोबदला द्यावा लागतो. त्याचं तत्त्व 'वाचवलं तरच पैसे', आणि १९८९च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार तो मोबदला वाचलेल्या मालाच्या किमतीपर्यंत जाऊ शकतो. हा खर्च हल कव्हरखाली येतो. नुसत्या लायबिलिटीत सहसा नाही.

मीनल_मिशिगन
इथे लोक टोइंग आणि सॅल्व्हेजमध्ये गोंधळ करतात. टोइंगची वार्षिक मेंबरशिप मिळते, टोबोटयूएस किंवा सी टो. इंजिन बंद पडलं, डिझेल संपलं, वाळूत अलगद रुतलात, तर ते येऊन ओढून नेतात. चेसापीक उथळ आहे, शीडवाल्यांना ती लागणारच. पण बोटीत पाणी शिरत असेल, लाटा आपटत असतील, दोन बोटी लागणार असतील, तर तोच कप्तान म्हणेल 'हे सॅल्व्हेज आहे'. दोर घेण्याआधी विचारायचं: टो की सॅल्व्हेज? शक्य असेल तर रक्कम ठरवून घ्यायची. मेंबरशिप आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

वल्हेकरी
अवांतर: आपल्या नौदलाच्या अभिलाष टॉमीची 'थुरिया' बोट २०१८ला दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठी मोडून पडली, तो जखमी झाला, फ्रेंच जहाजाने त्याला वाचवलं आणि बोट तिथेच सोडून द्यावी लागली. अशा एकट्याने जगप्रदक्षिणा करणाऱ्यांच्या बोटींचा विमा कोण काढतं?

नेपल्सकर
@वल्हेकरी, साध्या पॉलिसीला नॅव्हिगेशन लिमिट असते. माझी किनाऱ्यापासून ठरावीक मैलांपर्यंत, बहामाला जायचं तर आधी सांगून जादा पैसे. दक्षिण महासागर म्हटलं की एजंट फोन ठेवेल. तिथे खास दलाल, खास दर आणि बहुतेक वेळा 'बोटीवर किमान दोन-तीन माणसं हवीत' अशी अट. एकट्याने रात्रभर शीड हाकणं हेच विम्याच्या जगात दुर्लक्ष ठरू शकतं, कारण पाळतीला कोणी नाही.

वल्हेकरी
थुरिया आणि त्याआधीची दिलीप दोंद्यांची म्हादेई, दोन्ही गोव्यात दिवाडी बेटावरच्या एकाच यार्डात बांधलेल्या. तो यार्ड एकदा बघायला हवा. असो, धागा रुळावर आणा.

सोलंटकाठची
इंग्लंडमधून. आमची २३ फुटी, सदम्प्टनजवळ. इथे समुद्रात विम्याची सक्ती नाही, पण मरिना विचारतेच, आणि थर्ड पार्टी वीस-तीस लाख पौंडांची असते. हप्त्यावर १२ टक्के इन्शुरन्स प्रीमियम टॅक्स. कोटेशनांची तुलना करताना कर धरलाय की नाही ते बघावं लागतं.

इथे बऱ्याच पॉलिसींचा सांगाडा अजून १९८५च्या इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेसचा, म्हणजे ठरावीक छापील अटींचा, आहे. त्यातली काही कलमं वाचून हसू येतं. आउटबोर्ड इंजिन निसटून पाण्यात पडलं तर पैसे नाहीत. वाऱ्याने शीड फाटलं तर नाहीत, पण डोलकाठी मोडली आणि त्यामुळे शीड फाटलं तर आहेत. मागे ओढायच्या डिंगीवर (छोट्या होडीवर) मोठ्या बोटीचं नाव कायमचं रंगवलेलं नसेल तर डिंगी चोरीला गेली तरी शून्य. नवऱ्याने त्याच दिवशी रंगाचा डबा आणला.

शर्यतीत उतरणार असाल तर ते वेगळं विकत घ्यावं लागतं. शनिवारची क्लबची गंमतीची शर्यतही 'रेसिंग'च. शर्यतीत डोलकाठी, शिडं, तारा गेल्या तर साध्या पॉलिसीत काही नाही. शीडवाले, तुम्ही बुधवारच्या संध्याकाळच्या शर्यतींना जाणार ना? अ‍ॅनापोलिसला असतात असं ऐकलंय.

शीडवाला
जाणार तर! बोट घेतोय कशासाठी. हे विचारतो.

खडकवासल्याचा
माझी छोटी डिंगी आहे, पुण्याजवळच्या धरणात चालवतो. भारतात अशा बोटीला विमा लागतो का? कोणी सक्ती आहे म्हणतं, कोणी नाही.

गेटवेवाला
मुंबई बंदरात माझी २५ फुटी आहे, म्हणून अनुभवावरून. समुद्रात खासगी शिडाच्या बोटीला सक्ती नाही, पण क्लब आणि मुरिंगवाले थर्ड पार्टी मागतात. धरणं-नद्यांसाठी २०२१चा इनलँड व्हेसल्स कायदा आला, त्यात यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या नौकांना नोंदणीबरोबर विमाही बंधनकारक केलाय. नुसत्या शिडावर असाल तर वेगळा भाग लागू होतो. मागे आउटबोर्ड लटकवलंत की प्रश्न येतो, तेव्हा मेरीटाइम बोर्डात विचारून मोकळे व्हा.

विमा मिळवणं हेच काम आहे. पहिल्या एजंटाने फॉर्म भरताना 'गाडीचा नंबर' विचारला. दुसऱ्याने मासेमारीची होडी समजून 'मत्स्य विभागाचा दाखला आणा' म्हटलं. यॉट म्हटल्यावर तिसऱ्याला वाटलं मी अंबानी. शेवटी एका सरकारी कंपनीच्या मरीन हल विभागात जाऊन बसलो, तिथल्या बाईंनी कपाटातून इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेसच काढले. म्हणजे सोलंटकाठच्या ताईंचा आउटबोर्ड आणि माझा आउटबोर्ड एकाच कलमाने बुडतात. वर १८ टक्के जीएसटी.

आमच्या पॉलिसीतली खरी मेख पावसाळ्याची. माझ्या पॉलिसीत १ जूनपासून बोट किनाऱ्यावर हवी. आता बघा, तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं १७ मे २०२१ला, म्हणजे तारखेच्या आधी, बोटी मुरिंगवर असताना. निसर्ग आलं ३ जून २०२०ला, अलिबागकडे, आणि तेव्हा लॉकडाऊनमुळे क्रेन आणि माणसं मिळणं कठीण होतं. तेव्हा ज्यांची बोट तारखेनंतर पाण्यात राहिली, त्यांना कंपनीला आधी कळवून लेखी मुदतवाढ घेणं भाग होतं.

देवगडचो_दादा
आता जरा गंभीर. मच्छीमारांसाठी पंतप्रधान मत्स्य संपदा योजनेत गट अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, हॉस्पिटलला २५ हजार. हप्ता सरकार भरतं. पण तो माणसाचा, होडीचा नाही. होडीचा काढायला गेलं की लाकडी होडीचं वय आणि फोटो बघूनच साहेब चहा मागवतो. आमच्या वाडीत बहुतेकांच्या होड्या विम्याशिवायच आहेत. इंजिन गेलं की सोसायटीचं कर्ज.

सोलंटकाठची
दादा, लाकडी बोटींना इकडेही हाच त्रास. माझ्या मैत्रिणीला लाकडी बोटीसाठी पाच ठिकाणी नकार मिळाला, सहाव्या ठिकाणी दर चार वर्षांनी सर्व्हेच्या अटीवर मिळाला.

बंदरावरचा
गेटवेवाल्यांचा मुदतवाढीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्याकडे १९६३चा सागरी विमा कायदा आहे, तो ब्रिटिशांच्या १९०६च्या कायद्यावरून घेतलेला. त्यात वॉरंटी (पॉलिसीधारकाने कबूल केलेली अट) तंतोतंत पाळायची, मग ती जोखमीच्या दृष्टीने महत्त्वाची असो वा नसो. ब्रिटनने २०१५च्या कायद्याने हे मवाळ केलं: मोडलेल्या अटीचा त्या नुकसानीशी संबंधच नसेल तर कंपनीला ती पुढे करता येत नाही. आपल्याकडे जुनीच चाल आहे.

अमेरिकेत त्याहून गंमत. फोर्ट लॉडरडेलजवळ २०१९ साली एक यॉट जमिनीला लागली. कंपनी म्हणाली, तुमच्या अग्निशामक यंत्रणेची तपासणी वेळेवर झालेली नव्हती, क्लेम नामंजूर. आग कुठेच लागली नव्हती! भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, ते मात्र कुठल्या राज्याचा कायदा लागू यावर. पॉलिसीत न्यूयॉर्क लिहिलं होतं, मालकाला पेनसिल्व्हेनिया हवं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं, पॉलिसीत लिहिलेल्या राज्याचाच कायदा. तेव्हा शीडवाले, तिन्ही पॉलिसींत ते राज्य कुठलं लिहिलंय हेही बघा.

कोरडा_हिशोब
म्हणजे हप्ता भरून शिवाय वकीलही ठेवायचा. माझ्या वेगळ्या खात्याला वॉरंटी नसते हो :)

नेपल्सकर
@कोरडा_हिशोब, ते खातं लोक दुसऱ्याच वर्षी नवीन शिडावर उडवतात. बोटवाले ओळखून आहे मी.

शीडवाला
मंडळी, तुमच्या सगळ्यांच्या प्रश्नांची यादी करून तिन्ही ठिकाणी ईमेल केला आणि उत्तरं लेखी मागितली. निकाल असा.

१९० वाल्यात रेक रिमूव्हल लायबिलिटीच्या रकमेतून, पण 'कायद्याने काढणं भाग पडलं तरच'. तेलगळती वेगळी विकत घ्यावी लागेल. सॅल्व्हेज नाही.

३६० वाल्याचं उत्तर सर्वांत उशिरा आणि सर्वांत लांब आलं. अवशेष काढणं बोटीच्या रकमेतच बसवलंय. झीज आणि तिचे परिणाम, दोन्ही बाहेर. म्हणजे बंदरावरच्यांनी वर्णन केलेली स्वस्त पॉलिसी तंतोतंत. ते बाद.

५४० वाल्यात रेक रिमूव्हल आणि तेलगळती बोटीच्या रकमेपासून वेगळी, कॉन्सिक्वेन्शियल डॅमेज धरलेलं. नेम्ड स्टॉर्मला पाच टक्के. शिडं, कॅनव्हास आणि बॅटऱ्यांना घसारा आहे, तारांना नाही. बुधवारच्या क्लब शर्यती चालतील, पण शर्यतीत शिडं फाटली तर ती माझी. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत ले-अप घेतला आणि डिडक्टिबल ५०० केला, तर हप्ता ४५५ वर आला.

सर्व्हे परवा झाला. स्माइल वरवरचं निघालं, बोल्ट ठीक. पण डाव्या बाजूच्या चेनप्लेटभोवती डेक भिजलेला आहे, आणि पाण्याखालची एक फिटिंग बदलायला सांगितलीये. तो अहवाल विकणाऱ्याला दाखवला, त्याने ९०० डॉलर उतरवले. अ‍ॅग्रीड व्हॅल्यूही आता ७,६०० होईल. विमा कंपनीने दोन्ही दुरुस्त्या साठ दिवसांत करून पावत्या पाठवा असं लिहिलंय. टोइंगची मेंबरशिप वेगळी घेतोय.

बंदरावरचा
छान. फिटिंग आधी बदला, डेक मागाहून. आणि साठ दिवस म्हणजे साठच. वॉरंटी म्हणूनच वाचतात ते.

कोरडा_हिशोब
अभिनंदन. मी अजूनही १९० वाल्याच्याच बाजूने, फक्त त्यात तेलगळती जोडून. ९०० डॉलर मात्र सर्व्हेने वाचवले, विम्याने नाही, याची नोंद घ्यावी.

मीनल_मिशिगन
सर्व्हे विम्याने करायला लावला, याचीही नोंद घ्यावी.

निवांत_नाना
दोन्ही नोंदी घेतल्या. फोटो कधी?

गेटवेवाला
बंदरावरचा, एक शेवटचं. आउटबोर्ड चोरीला गेलं तर मिळतं का? पडलं तर नाही हे कळलं.

बंदरावरचा
ट्रान्समला (बोटीच्या मागच्या फळीला) कुलूप लावून अडकवलेलं असेल आणि ते तोडून नेलं असेल तर मिळतं. नुसतं बोल्ट आवळून लटकवलेलं असेल तर नाही. कुलूप दिसेल असा फोटो आणि सिरियल नंबरचा फोटो काढून मोबाइलबाहेरही एक प्रत ठेवा. मोबाइल बहुतेक वेळा बोटीबरोबरच जातो.